नऊ गुणांचे विसरलेले चित्रपट आणि सहा गुणांचा न विसरलेला एक

तिसरी रांग (धागाकर्ती, म्हणजे ही चर्चा सुरू करणारी) :

गेली ११ वर्षे मी पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाची नोंद वहीत ठेवत आले आहे. तारीख, नाव, भाषा, सोबत कोण होते आणि दहापैकी गुण, एवढेच रकाने. फार तर शेवटी दोन ओळींचा शेरा. चित्रपट पाहून झाल्यापासून २४ तासांच्या आत नोंद झालीच पाहिजे, असा दंडक मी स्वतःला घालून घेतला होता, कारण मत ताजे असते तेव्हाच ते खरे असते, पुढे त्यात इतरांच्या मतांची भेसळ होते, अशी माझी समजूत होती. मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीने माझ्या सर्वांत आवडत्या दहा चित्रपटांची यादी मागितली, तेव्हा हे अर्ध्या तासाचे काम आहे असे मला वाटले. वही उघडायची, नऊ आणि दहा गुण मिळालेली नावे बाजूला काढायची आणि त्यांतून दहा निवडायची.

तशी ४१ नावे निघाली. ती वाचता वाचता मी अस्वस्थ होत गेले. निम्म्याहून अधिक चित्रपटांतले एकही दृश्य मला आठवेना. काहींची तर कथाही आठवेना. एका नावापुढे मी 'पुन्हा पुन्हा पाहावा असा' असा शेरा मारला आहे आणि तो चित्रपट मी त्यानंतर एकदाही पाहिलेला नाही. याउलट, अवघे सहा गुण आणि 'संथ. शेवट पोचला नाही.' एवढाच शेरा असलेला एक चित्रपट माझ्या मनातून जायला तयार नाही. त्यात एक वयस्क गृहस्थ सदऱ्याचे तुटलेले बटण लावायला बसतो. सुईत दोरा जात नाही. तो दोऱ्याचे टोक ओठांत धरून ओले करतो, दिव्यासमोर धरतो, पुन्हा चुकतो, आणि मान न वळवता कोणाला तरी हाक मारायला तोंड उघडतो, नि तसाच थांबतो. त्या घरात आता हाक ऐकायला कोणी नाही, हे त्या क्षणी त्याच्या आणि आपल्या एकदमच लक्षात येते. दृश्य मिनिटभराचेही नसेल. हा चित्रपट मी एकदाच पाहिला आहे, सात वर्षांपूर्वी.

माझा प्रश्न असा आहे. त्या रात्रीचे मत माझे मानायचे, की आज उरलेली आठवण माझी मानायची? सर्वोत्तम चित्रपट कोणते, हे मला विचारायचे नाही. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपला आवडता चित्रपट कोणता हे आपण स्वतःशी कशाच्या आधारे ठरवता, ते मला मनापासून समजून घ्यायचे आहे.

मंदगती :

त्या रात्रीच्या मतावर फार विश्वास टाकू नये, असे मी म्हणेन. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे लागू पडतो. त्यांनी लोकांना एकदा १४ अंश सेल्सियस तापमानाच्या गार पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्या वेळी तसेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, पण या शेवटच्या ३० सेकंदांत पाणी हळूहळू अंशभर कोमट केले. यांपैकी कोणता अनुभव पुन्हा घ्याल, असे विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, म्हणजे अधिक वेळ त्रास देणारा अनुभव निवडला, कारण त्याचा शेवट थोडा सुसह्य होता. एखाद्या अनुभवाचा हिशेब करताना आपण त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांनाच वजन देतो. तो किती वेळ चालला, याला जवळपास काहीच देत नाही.

आता तुमचाच शेरा पाहा. 'शेवट पोचला नाही' असे तुम्ही लिहिले आणि सहा गुण दिले. म्हणजे ते गुण चित्रपटाला दिलेले नसून त्याच्या शेवटच्या काही मिनिटांना दिलेले आहेत. माझ्या बाबतीत हे उलट दिशेनेही घडले आहे. शेवटी सगळे पेच सुटले, संगीत चढत गेले, डोळे भरून आले की मी घाईने अख्खा चित्रपट थोर ठरवतो, आणि मधले दीड तास मी घड्याळाकडे बघत होतो हे विसरून जातो. म्हणून आता मी पाहिल्या रात्री गुण देत नाही. महिना जाऊ देतो.

जुनी रीळ :

मंदगती यांचा मुद्दा मान्य आहे, पण आठवणीवर तरी इतका विश्वास का ठेवावा? मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आपल्याला आवडू लागते. लहानपणी दूरचित्रवाणीवर जे चित्रपट सुट्टीच्या दिवशी पुन्हा पुन्हा लागत, ते आज आपले लाडके असतात. सातदा पाहिला म्हणून आवडला, की आवडला म्हणून सातदा पाहिला, याचा उलगडा मला स्वतःपुरताही करता आलेला नाही.

याचे मोठे उदाहरण म्हणजे फ्रँक काप्रा यांचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ'. १९४६ साली तो प्रदर्शित झाला, तेव्हा त्याने निर्मितीचा खर्चही भरून काढला नाही. पुढे १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण करायचे राहून गेले आणि अमेरिकेतल्या दूरचित्रवाणी केंद्रांना तो फुकट दाखवता येऊ लागला. मग नाताळात तो जिकडेतिकडे लागू लागला आणि दोन पिढ्यांचा अतिशय जिव्हाळ्याचा चित्रपट झाला. चित्रपट तोच होता. एका कागदोपत्री चुकीमुळे तो लोकांच्या घरात वारंवार आला. चांगला नसता तर इतके होऊनही टिकला नसता, हे मला मान्य आहे. पण तितकेच चांगले आणि इतक्यांदा समोर न आलेले किती असतील, हा विचार मनातून जात नाही.

तिसरी रांग :

जुनी रीळ, तुमचे म्हणणे माझ्या यादीतल्या काही नावांना तंतोतंत लागू आहे आणि ती नावे घेताना मी यापुढे अधिक सावध राहीन. पण बटणाचे दृश्य मी एकदाच पाहिले आहे. परिचयाने आवड निर्माण झाली असे तिथे म्हणता येत नाही. उलट, न पाहताच ते माझ्यात वाढत गेले आहे.

कात्री :

मी चित्रपटांच्या संकलनाचे काम करतो, त्यामुळे माझे पाहणे थोडे बिघडलेले आहे, हे आधी मान्य करतो. एकच प्रसंग टाइमलाइनवर शंभरदा पुढे-मागे केल्यावर तो चांगला आहे की वाईट, हे मला मुळीच कळेनासे होते. तेव्हा मी एक करतो: तो प्रसंग ज्याने कधी पाहिलेला नाही अशा कोणाला तरी खोलीत बसवतो आणि पडद्याकडे न पाहता त्या माणसाकडे पाहतो. तो कुठे खुर्चीत सरकला, कुठे मोबाइलकडे हात गेला आणि कुठे अगदी निश्चल झाला, ते टिपतो. आश्चर्य म्हणजे नंतर विचारले तर तीच व्यक्ती भलत्याच प्रसंगाचे कौतुक करते. शरीराने एक सांगितलेले असते आणि तोंड दुसरेच सांगत असते. धागाकर्तीच्या वहीत मला हेच दिसते आहे. गुण तोंडाने दिलेले आहेत.

पहिल्यांदा पाहताना आपण कथेच्या मागे धावत असतो. पुढे काय होणार, कोण खरे बोलतो, कोण वाचणार, यात सगळी शक्ती जाते. दुसऱ्या वेळी ती चिंता नसते आणि मग कॅमेरा कुठे ठेवला आहे, शॉट किती वेळ टिकवला आहे, खोलीत आवाज कसला येतो आहे, हे दिसू-ऐकू लागते. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे २४ स्थिर चित्रे. एखादा कट, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर जाणे, सहा चौकटी आधी केला तरी माणूस उतावीळ वाटतो आणि सहा चौकटी उशिरा केला तर तोच विचारात पडलेला वाटतो. म्हणून जो चित्रपट दुसऱ्यांदा पाहिलेला नाही, त्याला मी आवडता म्हणत नाही. तो केवळ आवडलेला असतो.

आणखी एक गोष्ट, तुमच्या दृश्यावरून आठवली. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी शंभर वर्षांपूर्वी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा आळीपाळीने सूपची वाटी, शवपेटी आणि एक स्त्री यांच्या शेजारी जोडून दाखवला आणि पाहणाऱ्यांना त्या चेहऱ्यावर भूक, शोक, अभिलाषा दिसली, असे सांगितले जाते. चेहऱ्यावर त्यातले काहीच नव्हते. पाहणाऱ्यांनी ते आणले होते. तुमचा तो गृहस्थ पुन्हा एकदा पाहा. तुम्ही त्याला काय काय दिले आहे, हे कळेल.

दुपारचा खेळ :

आपली यादी इतरांच्या यादीशी जुळत नाही याचा अनेकांना संकोच वाटतो, म्हणून हे लिहिते. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांकडून प्रत्येकी दहा चित्रपटांची नावे मागवते. पहिल्या वेळी 'बायसिकल थीव्ह्ज' अग्रस्थानी होता. तो चित्रपट तेव्हा अवघ्या चार वर्षांचा होता. 'सिटिझन केन' त्या वेळी पहिल्या दहांतही नव्हता, आणि पुढे १९६२ ते २००२ या काळात सलग पाच वेळा तोच पहिला आला. २०१२ मध्ये 'व्हर्टिगो' आणि २०२२ मध्ये शांताल आकेरमान यांचा १९७५ चा 'जान दिएलमान' पहिला आला. म्हणजे पिढी बदलली, विचारली जाणारी माणसे वाढली आणि बदलली, तशी श्रेष्ठताही सरकली.

मला याहून महत्त्वाचा वाटतो तो मतांचा आकडा. २०१२ मध्ये ८४६ जणांनी नावे पाठवली आणि पहिल्या आलेल्या 'व्हर्टिगो'ला १९१ मते मिळाली. ज्यांचे आयुष्य चित्रपट पाहण्यात गेले आहे, अशा माणसांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणांच्या दहांत जगातला पहिल्या क्रमांकाचा चित्रपट नव्हता. हा आकडा वाचल्यापासून माझ्या यादीबद्दलचा माझा संकोच पार गेला.

संकेतस्थळांवरच्या टक्केवारीचेही तसेच आहे. 'रॉटन टोमॅटोज'वर ९० टक्के दिसले म्हणजे चित्रपटाला शंभरपैकी ९० गुण मिळाले असे नव्हे. शंभरांतल्या ९० समीक्षकांचे मत अनुकूल आहे, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांना जेमतेम बरा वाटलेला चित्रपट तिथे फार वर जातो, आणि निम्म्यांना जीव की प्राण नि निम्म्यांना असह्य वाटलेला ५० वर राहतो. माझे बरेचसे आवडते चित्रपट त्या मधल्या पट्ट्यात आहेत.

मंदगती :

'जान दिएलमान' तुम्ही स्वतः पाहिला आहे का? २०१ मिनिटे एका बाईचे घरकाम पाहणे मला जमेल असे वाटत नाही, आणि तो न आवडल्यास तसे सांगायचे धैर्य होईल, असेही वाटत नाही.

दुपारचा खेळ :

दोनदा पाहिला. पहिल्या वेळी दोन बैठकांत, आणि प्रामाणिकपणे सांगते, कंटाळले. कॅमेरा हलत नाही. ती बटाटे सोलत बसते आणि आपण ते सोलणे पाहत बसतो. त्या वेळी कोणी गुण विचारले असते, तर मी चार दिले असते. पण पुढचे कित्येक दिवस मी माझ्याच स्वयंपाकघरात स्वतःच्या हाताकडे पाहत होते. दुसऱ्या वेळी पाहताना उमगले की पहिल्या दिवसाची ती घोटून घोटून दाखवलेली शिस्त आपल्याला पाठ झाल्याशिवाय दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात, यात काही भयंकर आहे हे कळूच शकत नाही. दिवा मालवायचा राहतो, केस विस्कटतात, आणि आपण खुर्चीत पुढे सरकतो. इथे कंटाळा हे साहित्यच आहे. तरीही तुम्हाला नाही आवडला, तर नाही आवडला असे बेलाशक सांगा. मला तो ग्रेट वाटतो, पण तो माझ्या आवडत्या दहांत नाही. ज्या चित्रपटापुढे मी नतमस्तक होते तो, आणि थकून घरी आल्यावर ज्याच्याकडे जाते तो, यांत मी फरक करते. दुसऱ्या प्रकारच्या चित्रपटांची नावे सांगताना आता आवाज खाली घेत नाही.

खिडकीजवळची :

माझी अडचण निराळी आहे. माझ्या यादीतला एक चित्रपट माझ्या डोळ्यांदेखत गेला. विशीत मी तो इतक्यांदा पाहिला होता की संवाद तोंडपाठ होते. नायक नायिकेच्या मागे मागे फिरतो, ती नाही म्हणते, तो गाणे म्हणतो, ती पुन्हा नाही म्हणते, तो तिच्या घरापर्यंत जातो आणि शेवटी ती हसते. तेव्हा तिच्या हसण्यासाठी माझा जीव टांगणीला लागायचा. मागच्या वर्षी तो माझ्या मुलीबरोबर पाहिला. ती १६ वर्षांची आहे. ती काहीच बोलली नाही. फक्त तिसऱ्या नकारानंतर तिने माझ्याकडे पाहिले, आणि मला पहिल्यांदाच पडद्यावरच्या त्या मुलीचा चेहरा दिसला. ती घाबरलेली आहे. अभिनेत्रीने ते अगदी नीट दाखवले आहे. मी वर्षानुवर्षे ते पाहिले नव्हते.

गाणी मला अजूनही आवडतात आणि ती लागली की मी हातातले काम थांबवते. चित्रपट मात्र आवडत्यांच्या यादीत ठेवायला मन घेत नाही. कात्री म्हणतात की दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय आवडता म्हणू नये. मी म्हणेन, वीस वर्षांनी एकदा पाहावा, आणि शक्य तर आपल्याहून लहान कोणाला तरी शेजारी बसवून पाहावा.

अबोल :

माझ्या यादीतला पहिला चित्रपट सामान्य आहे. वडिलांबरोबर पाहिलेला तो शेवटचा. मध्यंतरापर्यंत ते जागे होते. त्या चित्रपटाचे परीक्षण करायची माझी इच्छा नाही.

जुनी रीळ :

अबोल, वर मी परिचयाने निर्माण होणाऱ्या आवडीबद्दल जे लिहिले, ते तुमचा प्रतिसाद वाचल्यावर मला अपुरे वाटते आहे. धागाकर्तीच्या वहीत 'सोबत कोण' हा रकाना आहे, तो बहुधा गुणांच्या रकान्याहून मोलाचा ठरावा.

एक सूचना करतो. वही मिटून ठेवा, घड्याळ लावा आणि २० मिनिटांत जी नावे आपोआप येतील ती कोऱ्या कागदावर लिहा. नावाबरोबर जे दृश्य येईल तेही एका ओळीत लिहा. दृश्य आले नाही तर नाव खोडा. मग वहीशी ताडून पाहा.

तिसरी रांग :

आपणा सर्वांचे प्रतिसाद मी आठवडाभर पुन्हा पुन्हा वाचले. जुनी रीळ यांची सूचना त्याच रात्री अमलात आणली. २० मिनिटांत २३ नावे आली. दृश्य न आलेली पाच खोडली, १८ उरली. त्या १८ पैकी नऊ किंवा अधिक गुणांच्या ४१ मधली फक्त सहा आहेत. 'सोबत कोण' हा रकाना पाहिला, तर १८ पैकी ११ मी एकटीने पाहिलेले आहेत, जरी एरवी मी क्वचितच एकटी चित्रपटाला जाते. हे मला आजवर ठाऊक नव्हते. सोबत कोणी असले की माझे निम्मे लक्ष त्याला आवडतो आहे की नाही याकडे असते, आणि गुण देताना आम्हा दोघांचेही समाधान मी माझे म्हणून लिहीत आले असणार.

मैत्रिणीला मी सात नावे पाठवली. दहा भरण्यासाठी तीन नावे आणता आली असती, पण ती आणलेली असती.

त्यानंतर कात्री यांच्या सांगण्यावरून बटणाचा तो चित्रपट काल रात्री पुन्हा पाहिला. शेवट या वेळी पोचला. खरे तर तिथे न पोचण्यासारखे काही नव्हते, सात वर्षांपूर्वी मला काहीतरी घडायला हवे होते, इतकेच. पण मी ज्याची वाट पाहत होते ते दृश्य तसे नाही. गृहस्थ दोरा ओवायला बसतो, टोक ओले करतो, दिव्यासमोर धरतो, चुकतो, हे सगळे आहे. त्यानंतर तो तोंड उघडत नाही. मानही जराशी हलत नाही. तो फक्त हात खाली घेतो आणि सुई मांडीवरच्या सदऱ्यात टोचून ठेवतो, हरवू नये म्हणून. मग बाहेरचा शॉट येतो, वाळत घातलेले कपडे, त्यांत एकाच माणसाचे. मी ते दृश्य तीनदा मागे नेऊन पाहिले. हाक नाहीच.

ती हाक मी सात वर्षे ऐकत होते. ती चित्रपटाने दिली नाही आणि तरी त्या चित्रपटावाचून ती मला सुचली नसती, त्यामुळे ती नेमकी कोणाची मानावी हे मला ठरवता येत नाही. कात्री, तो बाहेरचा शॉट थोडा उशिरा आला असता तर कदाचित त्याने हाक मारली असती, असे पाहताना सारखे वाटत होते. असे काही संकलनाच्या टेबलावर खरोखर होते का, हे आपण सवडीने लिहावे.

सातांच्या यादीत तो आहे. वहीतला सहाचा आकडा मी खोडलेला नाही. त्याच ओळीत, समासात, कालची तारीख घालून लिहिले आहे: 'तो हाक मारत नाही.'